दागिने, शेअर आणि जुनी गाडी दान केली. ई-फाइल करताना कागद कुठे जोडायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत डॅलसजवळ राहणारं एक मराठी दांपत्य. २०२५ मध्ये त्यांनी तीन वस्तू दान केल्या. सासूबाईंचे आणि सूनबाईंच्या लग्नातले मिळून सुमारे ४१ हजार डॉलरचे सोन्याचे दागिने मंदिराला, देवीच्या अलंकारांसाठी. नवऱ्याच्या कंपनीचे ६२ हजार डॉलरचे शेअर डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडाला (देणगी ठेवून पुढे संस्थांना वाटणाऱ्या धर्मादाय फंडाला). आणि जुनी मिनीव्हॅन एका संस्थेला, जी संस्थेने २,३०० डॉलरना विकली. दोघांचं एकत्र रिटर्न, एजीआय (समायोजित एकूण उत्पन्न) ३,१०,००० डॉलर, घराच्या कर्जामुळे आयटमाइझ करतात, म्हणजे ठरावीक वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) न घेता एकेका खर्चाची वजावट घेतात. टॅक्स सॉफ्टवेअरने वस्तुरूप देणग्यांचा फॉर्म ८२८३ भरून दिला आणि शेवटी सांगितलं, "फॉर्म ८४५३ छापा आणि पोस्टाने पाठवा." त्यावर त्यांचे तीन प्रश्न: ई-फाइल केल्यावर पोस्ट कशाला? अप्रेझलचा, म्हणजे मूल्यांकनाचा, अहवाल पाठवायचा का? आणि मंदिराने इतकी छान पावती दिली आहे, ती पुरेशी नाही का?

आधी सर्वांत महत्त्वाचं. रिटर्न अजून सबमिट केलं नसेल तर करू नका. या सगळ्या कागदांपैकी एक असा आहे की तो रिटर्न भरण्याआधी हातात नसेल तर नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. अप्रेझल उशिरा झालं किंवा ८२८३ मध्ये एखादा रकाना चुकला तर "वाजवी कारण होतं" असं म्हणायला कायद्यात थोडी जागा आहे. संस्थेच्या पोच-पत्राबाबत ती जागाच नाही. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

२५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक देणगीसाठी संस्थेचं लेखी पोच-पत्र लागतं. ते तुमच्या हातात येण्याची मुदत म्हणजे तुम्ही मूळ रिटर्न भरता तो दिवस किंवा रिटर्नची अंतिम तारीख, एक्स्टेन्शन (मुदतवाढ) धरून, यांपैकी जे आधी येईल ते. म्हणजे २० मार्चला रिटर्न भरलं तर मुदत २० मार्चलाच संपली. नंतर सुधारित रिटर्न भरून ती पुन्हा उघडत नाही. पत्रात काय हवं? संस्थेचं नाव, वस्तूचं वर्णन आणि एक वाक्य: या देणगीच्या बदल्यात संस्थेने देणगीदाराला काही वस्तू किंवा सेवा दिली की नाही. दिली असेल तर तिचं वर्णन आणि प्रामाणिक अंदाजाने किंमत. फक्त पूजा, आशीर्वाद, प्रसाद अशा धार्मिक स्वरूपाचा लाभ दिला असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. वस्तूची किंमत पत्रात असायची गरज नाही. किंमत ठरवणं हे संस्थेचं कामच नाही.

आता आपल्या मंदिरांच्या आणि मंडळांच्या पावत्या आठवा. वर श्लोक, मधे "आपल्या उदार देणगीबद्दल आभारी आहोत", खाली डॉलरचा ठसठशीत आकडा आणि खजिनदारांची सही. जे नको ते सगळं असतं आणि जे एक वाक्य हवं तेच नसतं. रोख देणगीच्या छापील पावत्यांवर हल्ली बऱ्याच ठिकाणी ते वाक्य असतं, पण वस्तू दिली की समितीतलं कोणीतरी हौसेने वेगळं पत्र टाइप करतं आणि घोळ तिथे होतो.

हे वाक्य किती जड आहे हे २०२२ च्या टॅक्स कोर्टाच्या एका निकालावरून कळेल. एका बाईंनी न्यू मेक्सिकोतल्या एका संग्रहालयाला मूळ अमेरिकन जमातींचे सुमारे १२० दागिने आणि वस्तू दिल्या. संग्रहालयाने पाच पानी दानपत्र करून दिलं, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. पण बदल्यात काही दिलं की नाही हे त्यात कुठेही नव्हतं, वर दुसऱ्या एका कराराचा मोघम उल्लेख होता. ४ लाख ६३ हजार डॉलरहून अधिक वजावट गेली. दान झालं नाही, असं कोणीच म्हणत नव्हतं.

तेव्हा मंदिराच्या खजिनदारांना आजच फोन करा आणि नवीन पत्र मागा. त्यात दागिन्यांची यादी (नग, प्रकार, कॅरेट, वजन), दान स्वीकारल्याची तारीख, "बदल्यात धार्मिक लाभाखेरीज कोणतीही वस्तू वा सेवा दिलेली नाही" हे वाक्य, आणि अलंकार देवीला घालण्यासाठी वापरले जातील असा उल्लेख असावा. शेवटचा उल्लेख पोच-पत्राच्या नियमात नाही, पण त्याची गरज पुढे पडणार आहे. दान केल्याबद्दल गाला डिनरची दोन तिकिटं मिळाली असतील तर तीही पत्रात यायला हवीत, लपवू नका. पत्र रिटर्नला जोडायचं नसतं, तुमच्या फाइलमध्ये ठेवायचं असतं. आणि म्हणूनच लोक त्याकडे दुर्लक्ष करतात: सॉफ्टवेअर ते मागत नाही, ई-फाइल सुरळीत पार पडते, आणि दोन वर्षांनी ऑडिटचं पत्र येतं तेव्हा पहिला कागद तोच मागितला जातो.

यापुढचे नियम रकमेच्या पायऱ्यांनी चढत जातात. वस्तुरूपातल्या सगळ्या देणग्यांची वजावट मिळून ५०० डॉलरच्या वर गेली की फॉर्म ८२८३ लागतो. त्याचे दोन भाग. एखादी वस्तू किंवा एकसारख्या वस्तूंचा गट ५ हजार डॉलरपर्यंत असेल तर सेक्शन ए. ५ हजारांच्या वर गेलं की सेक्शन बी, आणि त्यासोबत पात्र अप्रेझरचा अहवाल. सूचिबद्ध शेअर याला मोठा अपवाद आहेत, रक्कम कितीही असली तरी ते सेक्शन ए मध्येच जातात. ५ लाख डॉलरच्या वर अप्रेझलचा पूर्ण अहवाल रिटर्नलाच जोडावा लागतो.

"एकसारख्या वस्तू" हा शब्दप्रयोग जपून वाचा. दागिने हा एक गट आहे. ठुशी, पाटल्या, तोडे, मोहनमाळ वेगवेगळी मोजून "प्रत्येक नग ५ हजारांच्या आत आहे" म्हणता येत नाही. दोन मंदिरांना वाटून दिले तरी वर्षभरातली बेरीजच धरायची. सेक्शन बी मात्र प्रत्येक संस्थेसाठी वेगळा भरायचा.

तुमचे दागिने ४१ हजारांचे, म्हणजे सेक्शन बी आणि अप्रेझल दोन्ही आलं. तुम्ही लिहिलं आहे की "अप्रेझल आहे, विम्यासाठी केलं होतं." ते चालणार नाही. विम्याच्या मूल्यांकनात तोच दागिना आज नव्याने घडवून घ्यायला काय लागेल ते असतं, दुकानदाराचा नफा आणि घडणावळ धरून. करासाठी लागतो तो बाजारभाव, म्हणजे राजीखुशीचा विकणारा आणि राजीखुशीचा घेणारा वापरलेल्या दागिन्याला जी किंमत ठरवतील ती. सोन्याचं वजन, शुद्धता, खडे, आणि खरोखरच जुनं दुर्मीळ काम असेल तर त्याचं मोल. हे दोन आकडे बरेच लांब असू शकतात. आणि फरक अंगाशी येतो: सांगितलेली किंमत खऱ्या किमतीच्या १५० टक्के किंवा जास्त निघाली तर कमी भरलेल्या करावर २० टक्के दंड, २०० टक्के किंवा जास्त निघाली तर ४० टक्के. बुडालेला कर ५ हजार डॉलरच्या वर असेल तेव्हाच हा दंड लागतो, पण तुमच्या करपट्टीत तो आकडा फार दूर नाही. अप्रेझरलाही वेगळा दंड होऊ शकतो, त्यामुळे चांगला अप्रेझर तुमच्या मनातला आकडा लिहून देणार नाही. जो देतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.

अप्रेझर कोण चालत नाही? तुम्ही स्वतः, मंदिर, ज्याने तो दागिना विकला तो सराफ (खरेदीनंतर दोन महिन्यांत आणि खरेदीच्या किमतीतच दान केलं असेल तर वेगळं), आणि यांचे नातलग किंवा नोकर. समितीवर असलेल्या ज्वेलरकडून "घरचाच माणूस आहे" म्हणून करून घेऊ नका. त्या प्रकारच्या वस्तूंचं मूल्यांकन करण्याचं शिक्षण आणि अनुभव त्याच्याकडे असला पाहिजे आणि ते अहवालात लिहिलेलं पाहिजे. फी किमतीच्या टक्क्यांत ठरवली तर अहवाल बाद. पुण्यातल्या सरकारमान्य व्हॅल्युअरकडून व्हिसासाठी केलेलं मूल्यांकन बरेच जण पुढे करतात. ते या कामासाठी केलेलं नसतं, अमेरिकन नियमांत लागणारी विधानं त्यात नसतात, त्यावर विसंबू नका.

स्वतःच स्वतःचं मूल्यांकन करण्यावरून कॅलिफोर्नियातला २०१२ चा निकाल प्रसिद्ध आहे. एका रिअल इस्टेट ब्रोकरने स्वतःच्याच जमिनी ट्रस्टला दान केल्या. तो स्वतः प्रमाणित अप्रेझर होता, तेव्हा ८२८३ वर आकडेही त्यानेच टाकले, फॉर्मच्या सूचना न वाचता. १ कोटी ८५ लाख डॉलरहून अधिक वजावट शून्य झाली. कोर्टाने मान्य केलं की त्याने किंमत फुगवली नव्हती, उलट कमीच लावली असावी. निकाल कठोर आहे असंही न्यायाधीशांनी लिहिलं आणि तरीही दिलाच.

वेळेचं गणित असं. अहवालावर सही दान करण्याच्या ६० दिवस आधीपासून चालते, आणि तो रिटर्नच्या अंतिम तारखेच्या आत, एक्स्टेन्शन धरून, तुमच्या हाती यायला हवा. तुम्ही नवरात्रात दान केलं असेल तरी आज अप्रेझल करून घेता येतं, फक्त किंमत दानाच्या तारखेची लावायची, आजची नाही. सोन्याचा भाव गेल्या वर्षभरात जसा पळाला आहे ते पाहता ही तारीख चुकली तर आकडा सपशेल चुकेल. दागिने मंदिराच्या लॉकरमध्ये असतील तर अप्रेझरला तिथे घेऊन जा. अहवालात "हे मूल्यांकन प्राप्तिकरासाठी केले आहे" असं विधान हवंच.

आता कॉस्ट बेसिसचा रकाना, म्हणजे तुम्हाला वस्तू कितीला पडली. आपल्या लोकांची खरी अडचण इथे असते, कारण स्त्रीधनाची बिलं कोण ठेवतं? सासूबाई वारल्यानंतर दागिने वारशाने आले असतील तर बेसिस म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव. त्या आयुष्यभर सांगलीत राहिल्या आणि अमेरिकेशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी हाच नियम. वारशाची वस्तू आपोआप एक वर्षाहून अधिक काळ बाळगलेली मानली जाते. पण त्यांनी हयातीतच "हे तू घे" म्हणून दिले असतील तर ती भेट झाली, आणि बेसिस म्हणजे त्यांना ते कितीला पडले होते ती रक्कम. लग्नातल्या दागिन्यांचंही तसंच, तुमच्या आईवडिलांनी त्या साली मोजलेली किंमत. दोन्ही प्रकारचे दागिने एकाच ओळीत कोंबू नका. वेगळ्या ओळी, वेगळ्या तारखा, "वारसा" आणि "भेट" वेगळं.

बिल नसेल तर रकाना रिकामा मात्र सोडायचा नाही. आरईआरआय होल्डिंग्ज नावाच्या भागीदारी संस्थेने ३ कोटी ३० लाख डॉलरच्या देणगीच्या ८२८३ वर बेसिस लिहिलाच नाही. २०१७ मध्ये टॅक्स कोर्टाने पूर्ण वजावट नाकारली आणि वरच्या न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच कायम केलं. तुमच्या बाबतीत वजन, लग्नाचं वर्ष आणि त्या वर्षीचा सोन्याचा भाव यांवरून अंदाज काढा, रुपयांचे त्या वेळच्या दराने डॉलर करा, आणि एका पानाचं निवेदन जोडा: बिलं उपलब्ध नाहीत, का नाहीत, आणि आकडा कसा काढला. फॉर्मच्या सूचनांमध्ये अशा निवेदनाला जागा आहे. लग्नाच्या अल्बममधला दागिन्यांसह काढलेला फोटो असेल तर तोही फाइलमध्ये ठेवा. मी हे गंमतीने सांगत नाही, दागिना त्या साली तुमच्याकडे होता याचा तो बऱ्यापैकी पुरावा आहे.

मंदिर दागिन्यांचं काय करणार, हा प्रश्न वजावटीचा आकडाच बदलतो. देवीच्या अंगावर ते घातले जाणार असतील तर संस्थेच्या मूळ उद्देशाशी निगडित वापर झाला, आणि पूर्ण बाजारभाव वजा होतो. वितळवून किंवा विकून सभामंडपाच्या बांधकामाला पैसे लावायचे असतील तर वजावट बेसिसपुरतीच, म्हणजे लग्नातल्या पाटल्यांची कदाचित आजच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही. ८२८३ वर मंदिराला हे "हो/नाही" लिहून द्यावं लागतं, आणि मी पत्रात अलंकारांचा उल्लेख मागायला सांगितलं ते यासाठी. पुढे तीन वर्षांच्या आत मंदिराने दागिने विकले तर त्यांना १२५ दिवसांत फॉर्म ८२८२ भरून आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, कळवावं लागतं आणि प्रत तुम्हाला द्यावी लागते. त्या वेळी मंदिराच्या अधिकाऱ्याने दागिने खरंच देवीसाठी वापरले होते असं लेखी प्रमाणपत्र दिलं नाही, तर घेतलेल्या वजावटीतला बेसिसच्या वरचा भाग त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवावा लागतो. समित्या बदलतात, नव्या समितीला जुनी वचनं माहीत नसतात. त्यामुळे ८२८३ ची प्रत मंदिराच्या फाइलमध्ये राहील हे बघा.

सेक्शन बी वर तीन जणांचा हात लागतो: तुम्ही, अप्रेझर आणि मंदिर. मंदिरातर्फे सही करायची ती संस्थेच्या टॅक्स रिटर्नवर सही करण्याचा अधिकार असलेल्या किंवा त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीने. गुरुजींना त्यात ओढू नका. खजिनदार अनेकदा बिचकतात, "एवढ्या किमतीवर मी कशी सही करू?" त्यांना सांगा की ती सही वस्तू मिळाल्याची आहे, किमतीला संमती नाही. तुमचं नाव, ओळख क्रमांक आणि वस्तूचं वर्णन भरून, किमतीचा रकाना तात्पुरता कोरा ठेवूनही त्यांची सही घेता येते. दागिन्यांची स्थिती कशी आहे तेही थोडक्यात लिहायचं असतं. सॉफ्टवेअरमधून फॉर्म छापा, सह्या घ्या, स्कॅन करा. डिजिटल सही आयआरएस या फॉर्मवर स्वीकारते. फॉर्ममधल्या भागांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून २०२५ साठी चालू असलेलीच आवृत्ती वापरा.

शेअरचं काम त्यामानाने सोपं आहे. सेक्शन ए, अप्रेझल नाही, संस्थेची सही नाही. किंमत म्हणजे दानाच्या दिवशीच्या सर्वोच्च आणि सर्वांत कमी भावाची सरासरी, बंद भाव नव्हे. दानाचा दिवस म्हणजे शेअर फंडाच्या खात्यात पोचले तो दिवस, तुम्ही ब्रोकरला सांगितलं तो नव्हे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवले असतील तर फंडाच्या पत्रावरची तारीख तपासा, ती जानेवारी २०२६ ची असेल तर वजावट पुढच्या वर्षाची. शेअर आरएसयूचे (कंपनीने मोबदल्याचा भाग म्हणून दिलेले) असतील तर प्रत्येक लॉटची व्हेस्टिंगची, म्हणजे ते तुमच्या मालकीचे झाले ती, तारीख पाहा. व्हेस्ट होऊन एक वर्षाहून जास्त झालं असेल तरच पूर्ण बाजारभाव मिळतो. नाहीतर व्हेस्टच्या दिवशीचा भाव, म्हणजे तुमचा बेसिस, हीच मर्यादा, अर्थात दानाच्या दिवशीचा भाव त्याहून खाली असेल तर तो. कोणते लॉट द्यायचे ते ब्रोकरला आधी सांगितलं नसेल तर त्याने त्याच्या पद्धतीने निवडले असतील, ते स्टेटमेंटमध्ये दिसेल. वर्षाहून जुन्या सूचिबद्ध शेअरसाठी बेसिसचा रकाना भरावा लागत नाही, ही या फॉर्ममधली दुर्मीळ सवलत. फंडाच्या पोच-पत्रात आणखी एक वाक्य लागतं, की दिलेल्या मालमत्तेवर कायदेशीर ताबा पूर्णपणे फंडाचा आहे. मोठे फंड ते छापूनच पाठवतात.

तुमच्या बाबतीत लागू नाही, पण हा प्रश्न नेहमी पाठोपाठ येतो म्हणून सांगते: स्टार्टअपचे, म्हणजे बाजारात नसलेले शेअर १० हजार डॉलरच्या वर गेले की अप्रेझल लागतं, आणि कंपनीने कर्मचाऱ्यांना द्यायच्या शेअरची किंमत ठरवायला (४०९ए साठी) केलेलं मूल्यांकन त्याची जागा घेत नाही. क्रिप्टोलाही ५ हजारांच्या वर अप्रेझल लागतं. एक्स्चेंजवर भाव दिसतो म्हणून ते शेअरसारखं धरता येत नाही, असं आयआरएसच्या वकिलांनी जानेवारी २०२३ मध्ये लेखी स्पष्ट केलं आहे.

गाडीला अप्रेझलची भानगड नाही. संस्थेने ती तशीच विकली, म्हणून वजावट विक्रीच्या रकमेइतकी, २,३०० डॉलर. ब्लू बुकमध्ये (जुन्या गाड्यांच्या किमतींच्या सूचीत) ५ हजार दिसत असतील तर दिसू द्या. संस्थेकडून फॉर्म १०९८-सी मिळाला असेल, त्याची कॉपी बी रिटर्नसोबत जायलाच हवी. हा फॉर्मच गाडीचं पोच-पत्र आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, पोस्ट कशाला. ई-फाइल होतं तेव्हा ८२८३ मधला मजकूर आणि आकडे जातात, पण अप्रेझर आणि मंदिर यांच्या सह्या असलेला कागद जात नाही. १०९८-सी हाही दुसऱ्याने दिलेला कागद. हे पाठवायचे दोन रस्ते आहेत. सॉफ्टवेअर पीडीएफ जोडू देत असेल तर स्कॅन जोडा, त्या कागदांसाठी पोस्टाची गरज संपली. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. घरगुती पॅकेजांपैकी बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून ते तुम्हाला ८४५३ कडे ढकलतात. फॉर्म ८४५३ म्हणजे कागदांच्या गठ्ठ्यावर लावायची चिठ्ठी, त्यात काय काय आहे त्यावर खुणा करायच्या. तुमच्यासाठी दोन खुणा: १०९८-सी आणि ८२८३. रिटर्नवरची तुमची सही पिनने आधीच झालेली असते, ८४५३ वर ती लागत नाही.

पाठवायची वेळ मात्र नेमकी आहे. आयआरएसने रिटर्न स्वीकारल्याची सूचना आली की कामकाजाच्या तीन दिवसांत पोस्टात टाकायचं. रिटर्न नाकारलं गेलं तर थांबा, दुरुस्त करून स्वीकारलं गेल्यावरच पाठवा. पत्ता ऑस्टिन, टेक्ससचा आहे: इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस, अटेन्शन शिपिंग अँड रिसीव्हिंग ०२५४, रिसीट अँड कंट्रोल ब्रँच, ऑस्टिन, टेक्सस ७३३४४-०२५४. फॉर्मच्या सूचनेतला पत्ता एकदा ताडून पाहा आणि सर्टिफाइड मेलने पाठवून पावती जपा. डब्ल्यू-२ (पगाराचं पत्रक), १०४० ची (मुख्य रिटर्नची) प्रत, मंदिराचं पत्र असलं काही त्यात घालू नका. ८४५३ वर ज्यांचं नाव नाही असे कागद त्यासोबत पाठवायचे नसतात. आणि असा एखादा कागद पाठवणं सक्तीचंच असेल तर ते रिटर्न ई-फाइल करता येत नाही, कागदावर भरावं लागतं. बिलं नसल्याचं निवेदन मात्र ८२८३ चा भाग आहे, ते त्याच्यासोबत जाईल.

अप्रेझलचा अहवाल पाठवायचा का? ४१ हजारांच्या दागिन्यांसाठी नाही. ५ लाखांच्या वर, किंवा २० हजार डॉलर आणि त्याहून जास्त वजावटीच्या कलाकृतींसाठी तो जोडावा लागतो. वापरलेला एखादा कपडा किंवा घरगुती वस्तू चांगल्या स्थितीत नसताना ५०० च्या वर दाखवली तरही लागतो, पण ती वेळ सहसा कोणावर येत नाही. काही सहकारी "असू द्या सोबत" म्हणून सरसकट जोडतात. मी जोडत नाही. मागितलेलं नेमकं द्यावं, बाकीचं फाइलमध्ये तयार ठेवावं.

"रिटर्न ॲक्सेप्टेड" या ईमेलने हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की नावं, क्रमांक आणि रकाने संगणकाच्या चाळणीतून गेले. सह्या, अहवाल, पोच-पत्र यांच्याकडे अजून कोणी पाहिलेलंच नसतं.

एक आकडेमोड राहिली. वर्षाहून जुने शेअर आणि देवीच्या वापराचे दागिने या दोन्हींना मिळून एजीआयच्या ३० टक्क्यांची मर्यादा आहे. ३,१०,००० चे ३० टक्के म्हणजे ९३,०००. तुमची बेरीज १,०३,०००. वरचे १० हजार पुढच्या पाच वर्षांत वापरता येतात. गाडीचे २,३०० वेगळ्या मर्यादेत बसतात, ते याच वर्षी मिळतील. पुढच्या वर्षी ते १० हजार घेताना ८२८३ ची प्रत मी पुन्हा जोडते. आणि २०२६ पासून आयटमाइझ करणाऱ्यांच्या देणग्यांमधून एजीआयच्या अर्ध्या टक्क्याइतकी रक्कम आधी गळणार आहे, तुमच्या उत्पन्नावर सुमारे १,५५० डॉलर. त्या वर्षी नवीन दान करायचं असेल तर हे धरून ठरवा. उरलेले १० हजार घ्यायचे तर त्या वर्षीही आयटमाइझ करावं लागेल, एरवी त्यांचा उपयोग होणार नाही. २०२५ साठी दोघांचं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर आहे, तुम्ही त्याच्या बरेच वर आहात.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलं आहे की गावाकडची शेतजमीन तिथल्या शाळेच्या ट्रस्टला दिली तर इथे वजावट मिळेल का. नाही. संस्था अमेरिकेत स्थापन झालेली असली पाहिजे, भारताशी झालेल्या करारात याला सवलत नाही. भारतातल्या कर-सवलतीसाठीची ८०जी ची पावती इथे चालत नाही, आणि तिथेही ८०जी पैशांच्या देणगीलाच लागू आहे, जमिनीला नव्हे. मंदिराबद्दल शंका असेल तर आयआरएसच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव शोधा. धार्मिक स्थळांना अर्ज न करताही करमुक्त दर्जा असू शकतो, त्यामुळे नाव न दिसल्यास लगेच घाबरू नका, समितीकडे कागद मागा.

आता क्रम. मंदिराचं नवीन पत्र, अप्रेझल, बेसिसचं निवेदन, ८२८३ वर सह्या, मग सबमिट, मग ऑस्टिनचं टपाल. १५ एप्रिलपर्यंत अप्रेझर सापडत नसेल तर फॉर्म ४८६८ ने एक्स्टेन्शन घ्या. १५ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ मिळतो, पत्राला आणि अप्रेझललाही. कराचे पैसे मात्र एप्रिलमध्येच भरावे लागतात, तेव्हा दागिन्यांची वजावट न धरता हिशेब करून भरा. जास्त झाले तर परत येतील.

आणि हे वाचायच्या आधीच रिटर्न गेलं असेल, तर मंदिराची आहे ती पावती एकदा नीट वाचून पाहा. त्यात ते वाक्य असेल तर बाकीचं बहुतेक सावरता येईल: सह्या केलेला ८२८३ आणि ८४५३ ताबडतोब पाठवा, आणि काही बदललं असेल तर सुधारित रिटर्न १०४०-एक्स, तेही आता ई-फाइल होतं. वाक्य नसेल तर दागिन्यांची वजावट काढून सुधारित रिटर्न भरायचं का, हे एखाद्या कर-वकिलाशी बोलून ठरवा. मंदिराकडून मागची तारीख टाकून पत्र घेण्याचा विचार मात्र मनात आणू नका. आज हातातून जाईल ती वजावट, पण त्या पत्रानंतर प्रश्न वजावटीचा राहत नाही, फसवणुकीचा होतो, आणि त्यात खजिनदारही अडकतात.